उपासाच्या दिवसांत उंबऱ्याचं गाणं

"लग्नाचं गाणं? उपासाच्या दिवसांत?" कात्रीनमावशीने हातातली सुरी सुपात टाकली. "रेजे, शाळेत पोरांना हेच शिकवतेस?"

"मावशी, गायचं नाही. नुसतं ह्यात म्हणायचं."

"ह्याला उपास नाही का?"

ह्याला म्हणजे माझ्या टेपरेकॉर्डरला. भावाने कुवेतहून आणलेला तो डबा मी ओटीवर, सोललेल्या राजेळी केळ्यांच्या शेजारी ठेवला होता. लाल बटण आधीच दाबलेलं होतं. त्या कॅसेटवर आजही एवढंच आहे. सुरी सुपात पडल्याचा आवाज, "ह्याला उपास नाही का?", आणि माझा सुस्कारा.

पुन्हा.

इनास मास्तर असं शिकवायचे. चूक झाली की थांबवायचे, "पुन्हा" म्हणायचे आणि सुरुवातीपासून घ्यायला लावायचे. चूक शेवटच्या ओळीत असली तरी सुरुवातीपासून. अकराव्या वर्षापासून मी त्यांच्या हाताखाली पेटी वाजवली. एका दमात सरळ काही सांगायची सवय त्यांनी मला लागूच दिली नाही. तेव्हा सुरुवातीपासून.

साल १९८९. वसई तालुक्यातलं आमचं खारभाट. राखेच्या बुधवारचा दुसरा दिवस, म्हणजे उपास नुकता लागलेला, ईस्टरला अजून साडेसहा आठवडे. आणि कात्रीनमावशीच्या गळ्यात गाठ. मुंबईच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. गळ्यातली स्वरपेटी काढायची. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

त्या आवाजात उंबऱ्याचं गाणं होतं. नवरी चर्चला निघताना आईच्या घराचा उंबरा ओलांडते, तेव्हा घरातल्या बाया आतून दार लोटून ते म्हणत. दाराआड पुरुष नाही. पूर्ण गाणं एका मावशीलाच येत होतं, बाकीच्या नुसत्या मागून ओढत. पुढे लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली, हॉलला उंबरा नाही, गाणं बंद पडलं. शेवटचं म्हटलं त्याला पंधरा वर्षं झाली होती.

इनास मास्तर वीस वर्षं त्या गाण्याच्या मागे होते. चर्चच्या शाळेत संगीत शिकवायचे, रविवारी मिस्सेला गायकवृंद चालवायचे आणि उरलेल्या वेळात सायकलवरून आळीआळीने फिरून म्हाताऱ्यांची गाणी वहीत उतरवायचे. चौदा वह्या भरल्या होत्या. दर वेळी मावशी सांगायची, "पुढच्या लग्नाला ये, दाराबाहेर बस, काय ऐकू येईल ते तुझं." आणि मास्तर म्हणायचे, "मी मास्तर आहे, त्यात पुरुष काय नि बाई काय." मग ती हसायची आणि त्यांना उन्हात वाळवलेली सुकेळी बांधून द्यायची.

(आम्ही घरात आमची बोली बोलतो. इथे मी शाळेतलं मराठी लिहिते आहे. मास्तर म्हणायचे, बोली लिहायची तर नीट लिही, नाहीतर हात लावू नकोस. मी हात लावत नाही.)

पुन्हा.

मला वाटलं होतं, मास्तर मावशीला समजावतील. मी टेपरेकॉर्डर काखेत मारून थेट शाळेत गेले. ते पेटीच्या भात्याला चिकटपट्टी लावत होते.

"नाही म्हणाली," मी म्हटलं.

"म्हणणारच. उपास चालू आहे."

"मग तुम्ही सांगा तिला."

"मी? लग्नाची गाणी उपासात म्हण म्हणून?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "रेजिना, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"मास्तर, तीन आठवडे. फक्त तीन आठवडे तिचा आवाज आहे."

"मला मोजता येतं."

"मग?"

"मग काय? देवाला माहीत असेल."

मला इतका संताप आला की मी चिकटपट्टीचं रीळ उचलून त्यांच्यापासून लांब ठेवलं. सुचलं तेवढंच. मग फादरांकडे गेले. फादर ऑल्विन नवीन होते, तरुण होते, मोटारसायकल चालवायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, घरात बसून गाणं म्हणायला चर्चची काहीच बंदी नाही. सांगा मास्तरांना, मी परवानगी दिली."

मी धावत परत.

"फादर म्हणाले, चालेल."

"फादर मंगळूरचे आहेत."

"त्याचा काय संबंध?"

"हा त्यांचा नियम नाही, त्यांनी कशी सूट द्यायची? हा आमच्या घरांतला नियम. मला माझ्या आईने घातलेला. तिची सूट आणलीस का?"

"मास्तर, तुमची आई वारली."

"तेच म्हणतोय. आता सूट मिळायची नाही."

पुन्हा. (इथे मी चिडून काहीतरी बोलले ते लिहीत नाही.)

मधल्या दिवसांत मी जे जे केलं ते असं.

सोमवार: मावशीला सांगितलं की फादरांची परवानगी आहे. ती म्हणाली, "फादर मंगळूरचे." दोघांनी आपसांत ठरवलं होतं की काय, कोण जाणे.

बुधवार: तिची सून हिल्डा हिला विचारलं. हिल्डा आमच्याच आळीतली, तिच्याच लग्नात ते गाणं शेवटचं म्हटलं गेलं होतं. "मी रडत होते गं," ती म्हणाली. "मला काही ऐकू आलं नाही. कपाळाला चौकट लागेल म्हणून कुणीतरी मान दाबली, तेवढं आठवतं."

शुक्रवार: क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला मावशी माझ्या पुढे गुडघे टेकून होती. तिचा आवाज खवणीवर खोबरं खवल्यासारखा झाला होता. मी वाटेच्या चौदाही थांब्यांवर एकच प्रार्थना केली, आणि ती फारशी चांगली नव्हती.

शनिवार: डोकं फिरलं.

शनिवारी मी तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि म्हटलं, "ठीक आहे, मावशी. तू नको सांगू. मीच सांगते. माझ्या आजीने शिकवलंय. उंबऱ्या उंबऱ्या, किती मोठा झालास, माझ्या पोरीला तू रे अडवलास."

मावशीचा हात पिठात थांबला.

"कोण म्हणालं मोठा?"

"आजी म्हणायची."

"तुझी आजी बहिरी होती. उंच. किती उंच झालास. आणि पोरीला नाही, लेकीचा पाय." तिने परातीवर बोट आपटलं. "उंबऱ्या, उंबऱ्या, किती उंच झालास, माझ्या लेकीचा पाय अडवलास. पाय अडतो उंबऱ्याला. अख्खी पोरगी कशी अडेल?"

"हे सांगितलंस की आता."

"सांगितलं. बोलले. गायले का?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हळूहळू काहीतरी पसरलं. लबाडीच म्हणायची, पण देवभीरू लबाडी. "बोलायला बंदी नाही. उपासात माणसं बोलतातच."

मी हिल्डाच्या पोरांची पाटी ओढली आणि लिहायला लागले.

*आई गं, आई गं, दार घे लावून,*
*माझ्या वाटणीची भाकरी घे खाऊन.*

*चूल तुझी थंड, घागर तुझी रिती,*
*आता तुझ्या वेणीला लावील कोण फिती?*

ती बाजारची यादी सांगावी तशी सांगत होती, भाकऱ्या थापत, कोरड्या आवाजात. मला मात्र ते लिहिताना रडू येत होतं. अकरा कडवी झाली. मग ती थांबली.

"संपलं?"

"उपासात एवढंच," मावशी म्हणाली आणि तव्यावर पाणी मारलं.

मी पाटी सांभाळत मास्तरांकडे गेले. त्यांनी अकरा कडवी वहीत उतरवली, दोनदा वाचली, चष्मा पुसला.

"चाल?"

"चाल बोलून कशी सांगणार?"

मास्तरांनी वही मिटली. मग दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर ते मला घेऊन मावशीच्या ओटीवर गेले आणि म्हणाले, "कात्रीन, उपासात काय गातात?"

"दुःखाच्या मातेची गाणी."

"मग दुःखाच्या मातेचे शब्द घे. चाल तुझी तू बघ."

आयुष्यात मी बघितलेली ही सगळ्यात सज्जन फसवाफसवी. मावशीने डोक्यावर पदर घेतला, भिंतीवरच्या मरियेकडे तोंड केलं आणि मातेचा शोक उंबऱ्याच्या चालीत म्हटला. सावकाश, डोळे मिटून, प्रत्येक सुरावर थांबत. मास्तर लिहीत होते. सुरावट पुरी झाल्यावर त्यांनी पानाच्या माथ्यावर लिहिलं, "संथ. भक्तीने."

टेपरेकॉर्डर मी न्यायला विसरले होते. ते माझ्या मनाला अजूनही लागून राहिलंय.

दहा दिवसांनी मावशी मुंबईला गेली. परत आली तेव्हा गळ्याला भोक होतं, त्यावर पांढरी जाळी बांधलेली. ओठ हलायचे, आवाज नाही. लिहिता तिला येत नव्हतं.

पुन्हा. आता फार चुका होणार नाहीत.

शब्द होते. चाल होती. ईस्टर येईपर्यंत मास्तरांनी दोन्ही एकत्र करू दिलं नाही. मी एकदा पेटीवर नुसती पहिली ओळ लावून बघत होते, तर त्यांनी भात्यावर हात ठेवला. ईस्टरनंतरच्या सोमवारी गायकवृंदातल्या आठ बाया बोलावल्या आणि रोज तासभर तालीम. फूटपट्टीने ताल. "संथ. वाफ आल्यासारखा सूर येऊ दे. तेरेजा, तू धावतेस. पुन्हा." दोन आठवड्यांनी गाणं असं बसलं की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात प्रेत आहे.

मग एका रविवारी दुपारी आम्ही सगळे मावशीच्या माजघरात. ती खाटेवर, उशीला टेकून. हिल्डा पायाशी. बाया लाल लुगडी नेसून आल्या होत्या. मास्तर मधे, फूटपट्टी घेऊन.

गायलो. अकराही कडवी. तेरेजा रडली. मीही.

मावशीने मान हलवली. नाही.

"कुठे चुकलं?" मास्तर पुढे झाले. "सूर?"

नाही.

"शब्द?"

तिने हात हलवला. थोडं नाही, थोडं हो, असा.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

पुन्हा गायलो. पुन्हा नाही. आता तिने स्वतःच्या मनगटावर दोन बोटं भराभर आपटली.

"नाडी," तेरेजा घाबरली. "नाडी धावतेय त्यांची. डॉक्टरला बोलवा."

मावशीने डोळे फिरवले. मास्तरांकडे बोट केलं, मग दाराकडे.

"फादरांना आणू?" मास्तर म्हणाले.

नाही. मास्तर. दार.

"दार लावू? वारा लागतोय?" त्यांनी जाऊन दार लावलं.

मावशीने उशीवर बुक्की मारली.

"आणखी संथ घेऊन बघू," मास्तर म्हणाले. "मला वाटतं, भाव कमी पडतोय."

तिसऱ्यांदा गायलो. माझी पेटी रडत होती, बाया रडत होत्या, खाटेवरची बाई रागाने लाल झाली होती, आणि मास्तर डोळे मिटून हात हवेत धरून उभे होते. त्या क्षणी मला एकदम सगळ्यांचा वीट आला. उपासाचा, वह्यांचा, फूटपट्टीचा, मावशीचाही. बिचारी आजारी आहे, पण आजारी माणसाचाही वीट येतो.

"मास्तर," मी म्हटलं, "ती तुम्हाला बाहेर जा म्हणतेय."

"मला?"

"हे बायांचं गाणं आहे. उंबऱ्याच्या आतलं. तुम्ही आत आहात."

"मी मास्तर..." त्यांनी सुरू केलं आणि मावशीकडे बघितलं. तिने दोन्ही हात जोडले. जोडलेल्या हातांनी दार दाखवलं.

मास्तरांनी फूटपट्टी पेटीवर ठेवली. वही उचलली. बाहेर गेले. जाताना दार ओढून घेतलं, ते नीट बसलं की नाही हे बाहेरून ढकलून बघितलं.

मावशीने हिल्डाला खूण केली. हिल्डाने पितळेची घागर आणली. मावशीने ती मांडीवर उपडी घेतली आणि बोटातल्या अंगठीने वाजवायला लागली.

ती शोकाची लय नव्हतीच. चाल तीच, सूर तेच, पण घागर पळत होती. बैलगाडीत भांडी घातल्यावर ती जशी वाजतात तशी. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी पेटी बंद केली. तेरेजाने भीतभीत सुरुवात केली, आणि तेच शब्द, ज्यांवर आम्ही दोन आठवडे रडलो होतो,

*आई गं, आई गं, दार घे लावून,*
*माझ्या वाटणीची भाकरी घे खाऊन!*

आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. कारण ती नवरी रडत नव्हती. ती आईला चिडवत होती. जा, खा माझी भाकरी, बस रिकामी घागर घेऊन. अख्खं गाणं आईची थट्टा होती, रडणाऱ्या आईला हसवून मोकळं करायची. गाणं आमच्याकडे उपासात आलं होतं, म्हणून उपाससुद्धा त्याच्याबरोबर शिकलो होतो.

अकरावं कडवं संपलं. घागर थांबली नाही. मावशी आमच्याकडे भुवया उंचावून बघत होती. पुढे. पुढे काय? पुढे काही नव्हतं. आम्हाला अकराच आली होती. घागर वाजत राहिली आणि हिल्डा, पंधरा वर्षांपूर्वी ज्या हिल्डाला काही ऐकू आलं नव्हतं, ती हिल्डा तोंड उघडून म्हणाली,

*रडू नको आई, डोळे होतील लाल,*
*विहीण म्हणेल, तू प्यालीस काल!*

आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई," ती म्हणाली. "हे कुठून आलं?"

मावशी हसली. आवाज नव्हता. गळ्यावरची पांढरी जाळी फडफडत होती, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि डोळ्यांतून पाणी. उपासाच्या दिवसांत तिने ते कडवं नुसतं बोलायलाही नकार दिला होता. आम्ही ते बाराव्यांदा, पंधराव्यांदा म्हटलं. तेरेजा खाली बसून मांड्या बडवत होती.

मी मास्तरांना सांगायला बाहेर धावले.

ओटीवर ते नव्हते. विहिरीवर नव्हते. सायकल जागेवर होती. आळीच्या टोकाला, केळीच्या बागेला लागून जो क्रूस आहे, तिथून आवाज येत होता. मास्तर क्रूसाकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि जपमाळ म्हणत होते. मनातल्या मनात नाही. वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

"मास्तर! अहो, आलं गाणं!"

त्यांनी न वळता एक बोट वर केलं. नमो मरिये चालू होतं.

"मास्तर, हिल्डाला कडवं आठवलं. बारावं! काय आहे माहितेय..."

आवाज आणखी चढला. कावळे उडाले.

वीस वर्षं हा माणूस ह्या गाण्यासाठी लोकांच्या ओट्या झिजवत होता. आता ते पन्नास पावलांवर वाजत होतं, दारातून, खिडकीतून, केळीतून. नुसतं उभं राहायचं होतं. कुणी बघत नव्हतं. आणि हा माणूस जिथवर ऐकू येणार नाही तिथवर चालत आला होता, आणि तिथेही ऐकू येतंय म्हटल्यावर देवाच्या आईला हाका मारत होता. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

मी उभी राहिले. माळेचं पाचवं, शेवटचं रहस्य संपेपर्यंत. त्यांनी माळ बोटाला गुंडाळली आणि मग वळले.

"कात्रीन हसली?"

"हसली."

"मग बरोबर असेल."

"मास्तर, पेटीवर घेऊन दाखवू का? नुसती चाल. चाल म्हणजे काही..."

"नको." त्यांनी वही उघडली. अकरा कडव्यांचं नि चालीचं पान, वर "संथ. भक्तीने." त्यांनी ते शिवणीपासून सावकाश फाडलं, कड कुठेही न तुटता, आणि घडी घालून माझ्या हातात दिलं.

"हे काय?"

"तुझ्याकडे ठेव. पाठ आहे ते आहे, त्याला इलाज नाही. पण वहीत राहिलं तर मी वाचेन."

मास्तरांनी घसा साफ केला.

"लितानी राहिली आहे," ते म्हणाले. "उत्तरं दे."

आणि क्रूसाकडे वळून त्यांनी मरियेचं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. मी पान मुठीत धरून "आम्हांसाठी विनंती कर" म्हणत राहिले, आणि वाऱ्याबरोबर मावशीच्या घरातून बायांचं हसणं आलं की मास्तर आपला आवाज चढवत होते.